दगडाखालची कुल्फी

उंद्री, ता. चिखली
२४ मार्च २०२५

सारिका,

जय भीम.

थिसिस होईपर्यंत फोन नाही, मेसेज नाही, रत्नागिरीला येऊन कॉलेजच्या गेटसमोर उभं राहणं तर नाहीच. बोलायचंच असेल तर कागदावर बोल, कागदावर ओरडता येत नाही, असं तू म्हणालीस. मी पाळतोय. पण माझ्या चार-चार पानांना तू चार-चार ओळी पाठवतेस. 'वाचलं. काम खूप आहे. जेवत जा.' अगं, याच्यापेक्षा जास्त मजकूर लाइट बिलावर असतो.

आज कामाचं लिहितोय, म्हणून नीट वाच. वाहेदभाईंच्या पाण्याच्या प्लांटवर मी आहे हे तुला माहीतच आहे. तुझ्या बाबांनाही माहीत आहे. अमडापूरच्या पारावर ते सगळ्यांना सांगतात, 'माशाचं शिकता शिकता पोरगं पाणी विकायले लागलं.' असो. वाहेदभाईंचा मेहुणा जुनेद मुंबईत शोभेच्या माशांचा धंदा करतो. भाईंनी त्याला सांगितलं होतं, प्लांटच्या काउंटरवर ठेवायला असं काहीतरी पाठव, की अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात कोणाकडे नसावं. त्यानं काचेची टाकी पाठवली, समुद्री मिठाचं पोतं पाठवलं आणि थर्माकोलच्या खोक्यात एक मासा. एकच. बाहेरदेशातून आलेल्या मालात चुकून आलेला. नाव त्यालाही माहीत नाही. फोनवर म्हणतो, "समुद्राचा आहे, थंड पाण्यातला आहे. तुमच्याकडं तर चिलर आहेच, भाईजान. टेन्शन कायचं?"

तर मासा असा: माझ्या मधल्या बोटापेक्षा थोडा लांब. तांबूस, पण उन्हात सोन्यासारखा. ओठ जाड, रुसल्यासारखे. शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला एक काळा ठिपका, पाठीवरचा पर सुरू होतो तिथं आणखी एक काळा डाग. मी प्लास्टिकच्या नळीचं वेटोळं करून जारच्या थंड पाण्याच्या टाकीत बुडवलंय. माशाचं खारं पाणी पंपानं त्या नळीतून फिरून गार होऊन परत येतं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही. डोकं माझंच.

वाहेदभाई म्हणाले, "यानं उन्हाळा काढला तर बुलडाण्यात माशाचं दुकान टाकू, तू सांभाळ. मेला तर समजून घे, तुले जारच लिहिले आहेत." मग तुझ्या बाबांसमोर मी जारवाला म्हणूनच उभा राहीन. म्हणून विचारतो, हा कोण आहे आणि टाकीत जगण्यासारखा आहे का?

तो प्रज्वल अजून तुमच्याच लॅबमध्ये असतो का? सहज विचारतो.

अश्वजित


रत्नागिरी
१ एप्रिल २०२५

अश्वजित,

प्रज्वल लॅबमध्येच असतो. तू फोडलेलं त्याचं नाक आता सरळ झालंय. सहज सांगते.

आणि कागदावर ओरडता येत नाही हे मी चुकीचं म्हणाले होते. तुझ्या मागच्या पत्राला पेनानं भोकं पडली होती. हे पत्र बरं होतं. एकही भोक नाही. मासा आल्यापासून सुधारलास.

त्या दोन काळ्या डागांवरून ओळखला. रॅस कुळातला आहे, इंग्रजीत गोल्डसिनी म्हणतात. आपल्याकडे नाव नाही, कारण आपल्या समुद्रात तो नाही. नॉर्वे, स्कॉटलंड, तिकडच्या खडकाळ किनाऱ्यांचा. तिकडे सॅल्मनच्या पिंजऱ्यांत याला सोडतात, मोठ्या माशांच्या अंगावरच्या उवा हा वेचून खातो. आपल्याकडे बगळा म्हशीच्या पाठीवर बसतो ना, तसं.

टाकीत जगतो का, तर हो. चिवट आहे, अंगानं लहान आहे, खाण्याचे नखरे नाहीत. मासा सुटेबल आहे. उंद्री सुटेबल नाही. त्याला पाणी बारा ते पंधरा डिग्री लागतं, आणि ते स्थिर हवं. आज बारा, उद्या वीस असं चालणार नाही. टाकीत दगड रच, मधे फटी ठेव. हा फटीत झोपतो, घाबरला की फटीत शिरतो. फट नसेल तर घाबरूनच मरेल. वर जाळी लाव, उडी मारतो. आणि पारा रोज बघ. पुन्हा लिहिते, रोज.

जेवत जा.

सारिका


उंद्री
१० एप्रिल २०२५

सारिका,

जय भीम. दीड पान! मी खुर्शीदाभाभींना वरूनच दाखवलं. भाभी म्हणजे वाहेदभाईंच्या घरच्या, प्लांटचा हिशेब त्यांच्याकडे. त्या म्हणाल्या, "सगळं मच्छीचंच लिहिलं का रे? तुझं काहीच नाही?" मी म्हटलं, शेवटी 'जेवत जा' आहे. त्या म्हणाल्या, "ते तर माझी सासूबी म्हणते."

माशाचं नाव त्यांनीच ठेवलं. कुल्फी. रंग तसा आणि राहतोही गारच. आता जार न्यायला आलेली माणसं आधी काचेला नाक लावतात. "कुल्फी कुठी गेली बे?" "दगडामागं." "मंग दाखव ना!" मी म्हणतो, त्याची मर्जी.

तू सांगितलं तसे दगड रचले. मधला चपटा दगड मी पैनगंगेच्या पात्रातून आणला, धुऊन, उकळून. त्याच्याखाली त्यानं घर केलंय. धरणातले झिंगे टाकतो तर आधी त्यांचे डोळे काढून खातो, मग बाकीचं. पारा चौदा. लाइट जाते तेव्हा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकीत सोडतो. एकदा दुपारभर लाइट नव्हती, मी जेवलो नाही. तुझं ऐकलं नाही, माफ कर.

मीठ संपत आलंय. जुनेद म्हणतो पाठवतो, पाठवत नाही. वाहेदभाई काय म्हणाले ऐक: "खारं पाणी का मुंबईहूनच आणा लागते? लोणारचं सरोवर काय मेलं? दोन जार भरून आण, फुकट." मला पटलंय. आपल्याच जिल्ह्यात देवानं खारं पाणी दिलंय, आणि आपण पोत्यानं मीठ मागवतो. चौदा एप्रिलला गावात जयंतीचे जार आहेत, ते झाले की जातो.

तुझा आवाज ऐकून पाच महिने झाले. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं. खोडत नाही.

अश्वजित


रत्नागिरी
१६ एप्रिल २०२५

अश्वजित,

स्पीड पोस्टानं पाठवतेय. लोणारला गेला नसशील अशी आशा आहे. ते पाणी खारं आहे म्हणून समुद्राचं होत नाही! त्यात सोड्याचा अंश इतका आहे की कुल्फी एका तासात उलटी होऊन तरंगेल. लोणार बघायला माणसं ने, मासे नेऊ नकोस. मिठाचं पोतं मी इथून पार्सलनं पाठवलंय. वाहेदभाईंना सांग, फुकट आहे.

झिंग्यांचे डोळे आधी खातो हे मी आमच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "हे निरीक्षण कोणाचं?" मी म्हटलं, आमच्याकडच्या एका जारवाल्याचं. रागावू नकोस, मी ते अभिमानानं म्हटलं.

आता महिनाभर पत्र येणार नाही. सर्व्हेच्या बोटीवर जातेय, आठ-आठ दिवस समुद्रात, किनाऱ्यावर आलं की नमुने तपासायचे. त्यानंतर बुद्धपौर्णिमेला घरी, अमडापूरला. घरी थोडं काम आहे.

पारा रोज बघ.

सारिका


उंद्री
१२ मे २०२५

सारिका,

तू मले काऊन नाही सांगितलं?

'घरी थोडं काम आहे.' हे काम होय? परवा प्लांटवर फोन आला, मीच उचलला. तुझे बाबा. माझा आवाज ओळखला नाही त्यांनी. "रविवारी पंचवीसले दहा जार पाठवा. अकोल्याचे पाहुणे येऊन राह्यले, पोरीले पाहायले. पाणी एकदम बर्फ पाह्यजे." मी हाव म्हटलं. काय म्हणणार? ऑर्डर वहीत मीच लिहिली, माझ्याच हातानं. गुलाबराव, अमडापूर, दहा.

म्हणजे तुले महिन्याभरापूर्वीच माहीत होतं. बोटीवर होती की खरेदी करून राह्यली होती? मी इथं माशाच्या टाकीपुढं शाळेतल्यासारखा बसून आहो, फोन नाही, मेसेज नाही, सारिका म्हणेल ते. आणि तिकडं अकोल्याचा इंजिनिअर. मी ऐकलं नाव. धम्मरत्न. नाव चांगलं आहे, तोंड पाहून घेईन.

आणि तुझी कुल्फीही गेली. खूप दिवस झाले, दगडाखालून बाहेरच आली नाही. झिंगे तसेच पडून राहतात टाकीत, डोळ्यांसकट. गिऱ्हाईक म्हणतात, "मेली असंन बे, बास मारंन, काढ." वाहेदभाई माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना वाटते दुकान बुडालं. लग्नसराई आहे, रात्रंदिवस जार भरून राह्यलो, कोण पाहते माशाले. परवा दगड उचलून पाहतो आणि मेली असंन तर फेकून देतो. लपून बसणारं कोणीच नको मले.

रविवारी जार घेऊन मीच येणार आहो. सगळ्या पाहुण्यांसमोर जे विचारायचं ते विचारीन.

हे पत्र अमडापूरच्याच पत्त्यावर टाकतो. बाबांनी फोडलं तरी चालते.

अश्वजित


अमडापूर
१४ मे २०२५

अश्वजित,

पत्र मीच फोडलं. पोस्टमन आला तेव्हा ओट्यावर मी होते, हे तुझं नशीब. या वेळी भोकं मोजली नाहीत.

आधी मासा, कारण तो वाट बघू शकत नाही.

दगड उचलू नकोस. आणि उचलला असशील तर जागच्या जागी ठेव आणि पुढचं वाच. अख्ख्या पत्रात तू पारा किती हे लिहिलेलं नाहीस. धम्मरत्नवर किती ओळी आहेत बघ. लग्नसराईत चिलर किती खाली नेलाय तुम्ही? लोकांना 'बर्फ' पाणी हवं म्हणून भाईंनी खटका फिरवला असणार, आणि तुझं नळीचं वेटोळं त्याच टाकीत आहे. आत्ता जा आणि बघ. माझा अंदाज, पाचच्या आसपास असेल.

असेल, तर कुल्फी बहुतेक मेलेली नाही. नॉर्वेकडे कडक हिवाळा पडतो तेव्हा हा मासा खडकाच्या फटीत शिरतो आणि पडून राहतो. खात नाही, हलत नाही, श्वास इतका मंद की बघणारा फसतो. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन आणि तू टाकीत हिवाळा आणलास. त्यात त्याला उकरून काढलंस तर त्या धक्क्यानं मात्र नक्की मरेल. पंप बंद करू नकोस, उंद्रीच्या उन्हात संध्याकाळपर्यंत पाणी तापून जाईल. गरम पाणीही ओतू नकोस. चिलरचाच पारा चढव. दिवसाला एक डिग्री, जास्त नाही. मग थांब. बाहेर येईल किंवा येणार नाही. उचलून बघितल्यानं कळत नाही, थांबल्यानं कळतं.

आता रविवार. हो, मला माहीत होतं. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू बोटीच्या आधी धक्क्यावर उभा असतास. नाही म्हणतोस?

मी नकार देणार आहे. थिसिस अर्धवट टाकून मला अकोल्याला जायचं नाही. पण तो नकार मी द्यायचा आहे, अश्वजित. तू मधे एक शब्द बोललास तर उत्तर माझं राहणार नाही, तुझं होईल. बाबा म्हणतील, बघा, याच भडकू पोराच्या नादानं बोलतेय. पाहुणे मान हलवतील आणि मला पुन्हा रत्नागिरीला जाता येणार नाही. जार दुसऱ्या कोणाच्या हाती पाठव. तूच येणार असशील तर ठेव आणि जा. तिथं तोंड उघडलंस, तर हे माझं शेवटचं पत्र.

सारिका


उंद्री
२६ मे २०२५

सारिका,

जय भीम.

दगड उचलला नव्हता. उचलायला हात घातला होता, तेवढ्यात गाडी भरायला हाक आली. मग दुसऱ्या दिवशी तुझं पत्र. पारा पाच होता. तू कुठं बसून पाहतेस कोण जाणे.

चिलरचा पारा चढवायचा म्हटल्यावर वाहेदभाई भडकले. "लग्नसराईत गरम पाणी विकू? अबे, मच्छीसाठी धंदा बुडवू का मी?" खुर्शीदाभाभींनी वही बंद केली. "लग्नं दरसाल होतात. कुल्फी एकच आहे. राहू द्या." भाई बडबडत राहिले, पण खटक्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. मी रोज एक डिग्री चढवतोय. दोन गिऱ्हाइकांनी जार परत केले.

आता काल.

गाडीवर दुसरा माणूस नव्हता, म्हणून मीच आलो. खरं सांगतो, दुसरा असता तरी मीच आलो असतो. दहाही जार मांडवात ठेवले. पाहुण्यांतल्या मामानं ग्लास भरून घेतला, तोंड वाकडं केलं. "ए जारवाले भाऊ! हे का थंड पाणी होय? याच्यापरीस आमच्या बोअरचं बरं!" सगळे हसले. तो धम्मरत्नही हसला, वाईट नाही, असंच. तुझे बाबा खुर्चीवरून उठले. तेव्हा त्यांनी मला नीट पाहिलं. "हे होय तर! शिक्षण अर्धं सोडलं, आता पाणीही अर्धंच थंड."

माझ्या तोंडात तीन उत्तरं तयार होती. त्यातलं एक तर फारच झकास होतं, आयुष्यात पुन्हा सुचणार नाही. मी म्हटलं, "गलती झाली काका. बर्फ आणून देतो." एवढाच शब्द बोललो. यात 'तोंड उघडणं' धरत असशील तर धर. स्टँडवर जाऊन बर्फाची लादी आणली, गोणपाटात फोडली, जारांत टाकली. हात अजून सुजलेला आहे.

निघताना खिडकीतून आत नजर गेली. मी पाहायला गेलो नव्हतो, गाडी तिथूनच वळते. तू पाण्याचा ट्रे घेऊन उभी होतीस, त्याच्यासमोर. आणि तू हसलीस. सारिका, मी तुझं ते हसू ओळखतो. ते कोणाहीसाठी नसतं.

गाडी वळवली. रस्ताभर रिकामे जार मागं एकमेकांवर आपटत होते, तेवढाच आवाज.

आता तू सांगशील ते. कुल्फी अजून दगडाखालीच आहे. मी उचललेला नाही, पण का उचलत नाही हे आता मला नीट सांगता येत नाही.

अश्वजित


अमडापूर
२७ मे २०२५

अश्वजित,

वेड्या, ते हसू तुझंच होतं.

आत स्वयंपाकघरात मी ग्लास भरत होते. मामांची तक्रार बाहेरून ऐकू आली, म्हणून एक घोट पिऊन पाहिला. जेमतेम गार. लग्नसराईत, वाहेदभाईंच्या प्लांटचं पाणी, जेमतेम गार! मला त्याच क्षणी कळलं की दगड जागेवर आहे. तू पारा चढवतोयस, रोज, सांगितला तेवढाच. ट्रे घेऊन बाहेर गेले तरी ते हसू काही केल्या आवरेना. ओठ चावले, जीभ चावली. पाहुण्यांनी तेच धरलं. मामा म्हणाले, "पोरीचा चेहराच सांगून राह्यला, होकार आहे." आईनं पेढ्याचा डबा उघडला. तुझ्या माशामुळे माझं लग्न जवळजवळ जमलंच होतं, हे लक्षात ठेव.

मग त्यांनी विचारलं, "मासे पकडायचं शिकते का पोरगी?" मी म्हटलं, पकडायचं नाही, जगवायचं. अजून वर्षभर शिकायचं आहे आणि तोवर मला लग्न करायचं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं. तो धम्मरत्न भला निघाला. म्हणाला, "मले वाटते त्यांनी स्पष्ट सांगितलं ते बरं झालं." मामांनी पेढा तोंडात टाकला होता, तो तसाच राहिला.

बाबा तेव्हापासून बोलत नाहीत. ताट वाढलं तर आईला सांगतात, 'तिले म्हणा, भाजी दे.' पण याच्यासाठी कोणाला दोष देता आला नाही त्यांना. आज सकाळी आईला म्हणत होते, 'ते जारवालं पोरगं बर्फ घेऊन आलं, पैसेही नाही मांगितले.'

तुला होकार देतेय असं समजू नकोस. आणि माशाचं माझ्यावर लावू नकोस, मी दगडाखाली नव्हते, बोटीवर होते. गुरुवारी रत्नागिरीला निघतेय, आधी उंद्रीला उतरेन, कुल्फीला बघायला. मेली असेल तरी येईन.

सारिका


उंद्री
३ जून २०२५

सारिका,

जय भीम.

तू गुरुवारी आलीस तेव्हा मी काहीच नीट बोललो नाही. सहा महिने साठवलेलं सगळं होतं, आणि तोंडातून निघालं काय, तर 'पारा चौदा आहे.' तू रिकाम्या जारवर बसून दगडाकडे बघत राहिलीस. खुर्शीदाभाभींनी तीनदा चहा दिला. तुझी बस गेल्यावर म्हणाल्या, "अरे, तुम्ही दोघं असेच बोलता का?" मी म्हटलं, हाव. "अन् भांडता कसे मग?" मी म्हटलं, कागदावर.

तू जाताना म्हणालीस, आता आशा धरू नकोस. मासा म्हणालीस की दुसरं काही, ते मी विचारलं नाही. त्यानंतरचे दिवस वाईट गेले. वाहेदभाई म्हणाले, शुक्रवारपर्यंत पाहू, नाहीतर टाकी विकून टाकू. टाकीत एक झिंगा उरला होता, त्याचीही सवय झाली होती मला.

आज सकाळी प्लांट उघडला, झाडून घेतलं, टाकीकडे बघितलं नाही. आता मी मुद्दाम आधी दुसरी कामं करतो. मग गेलो. झिंगा नव्हता. डोळे, टरफल, काही नाही. दगडाच्या फटीत दोन जाड ओठ दिसले, रुसल्यासारखे. मग अर्धं अंग बाहेर आलं, वाळलेलं, पण सोनेरी, शेपटीवरच्या ठिपक्यासकट. काचेपर्यंत आला. माझ्याकडे बघितलं की स्वतःच्याच सावलीकडे, तूच जाणे, तू शिकलीस.

वाहेदभाईंना हाक मारली. ते आले, पाहिलं, आणि जुनेदला फोन लावून आधी शिव्या दिल्या, मग म्हणाले, "अजून एक पाठव."

मी खिशातून फोन काढला. तुझं नाव काढलं. अंगठा त्याच्यावर होता, सारिका. मग परत खिशात ठेवला आणि जारच्या पावतीबुकातला हा कागद फाडला.

हे पत्र तुला मिळायला पाच-सहा दिवस लागतील. तोवर तुझ्या लेखी तो मेलेलाच असेल, आणि मला ते कळत असून गप्प बसावं लागेल. आजपर्यंतचं सगळ्यात अवघड काम हेच आहे. बर्फाच्या लादीपेक्षाही.

पारा चौदा. मीठ पुरेल. दगड जिथं होता तिथंच आहे.

जेवत जा.

अश्वजित